पाण्यातले खुंट

ओहोटी लागली की अस्टोरियाच्या किनाऱ्याला खुंट उघडे पडतात. एक-दोन नव्हे, शेकडो. काळे, शेवाळ धरलेले, वरून कुजून निमुळते झालेले लाकडी खांब, रांगा धरून पाण्यात उभे. एकेकाच्या टोकाला एकेक पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला. आई पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा मी तिला इथे आणलं होतं. गाडीतून उतरून तिने छत्री उघडली, त्या रांगांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हय काय जळला काय गो?"

हे जळलेलं नव्हतं. (गाव जळलं होतं, दोनदा, पण ते पुढे.) या खुंटांवर एकेकाळी मासे डब्यांत भरायचे कारखाने उभे होते. कारखाने गेले, खुंट राहिले.

आम्ही अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंडला लागून असलेल्या बीव्हरटनमध्ये राहतो. तिथून गाडीने दोन तासांवर, कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते तिथे, दक्षिण काठावर अस्टोरिया आहे. वस्ती दहा हजारांच्या आसपास. डोंगर इतका अंगावर आलेला की घरं एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन उभी, आणि सपाट जागा म्हणाल तर नावाला. मी वेंगुर्ल्याची. पाऊस, खाडी आणि माशाचा वास या तीन गोष्टी एकत्र भेटल्या की माझा पाय तिथून निघत नाही. बाकी लोक इथे समुद्रकिनाऱ्याला जाता जाता कॉफीला थांबतात. मी वर्षातून चार वेळा तरी फक्त एवढ्यासाठीच येते.

पावसाचं म्हणाल तर अमेरिकन सरकारने पश्चिमेचा मुलूख धुंडाळायला पाठवलेली लुईस आणि क्लार्कची तुकडी १८०५ च्या हिवाळ्यात इथून जवळच मुक्कामाला होती. क्लॅटसप नावाचं लाकडी कोट बांधून ते १०६ दिवस राहिले आणि त्यातले जेमतेम १२ दिवस पाऊस नव्हता. कपडे कुजले, मांस नासलं, पिसवांनी झोपू दिलं नाही. त्यांच्या वह्या वाचताना मला आमच्या माजघरातल्या दोरीवर आठवडा-आठवडा न वाळणाऱ्या चादरी आठवतात.

गावात शिरताना आणि नदीकाठी फिरताना पाट्या बऱ्याच दिसतात. रॉकी पर्वताच्या पश्चिमेला अमेरिकेने वसवलेलं सर्वांत जुनं गाव, स्थापना १८११, असा त्यांचा एकूण सूर. मराठीत गाव 'वसतं' आणि गाव 'वसवतात'. पाटीवर नेहमी दुसरं क्रियापद येतं, कारण त्याला कर्ता लागतो आणि कर्त्याचा पुतळा करता येतो. पुण्याच्या पेठा अमुक सरदाराने वसवल्या असं आपण शाळेत लिहिलं. तांबट आणि कासार तिथे कसे येऊन राहिले ते कोणी विचारलं नाही. अस्टोरियाचा कर्ता म्हणजे जॉन जेकब ॲस्टर. जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ गावातून आलेला खाटकाचा मुलगा, न्यू यॉर्कचा फरचा व्यापारी, पुढे अमेरिकेतला सगळ्यांत श्रीमंत माणूस. गावाला नाव त्याचं. आणि हा माणूस आयुष्यात एकदाही इथे आला नाही.

त्याला हवे होते बीव्हर. घुशीच्या कुळातला पण चांगला कुत्र्याएवढा, लाकडं कुरतडून ओढ्यांना बांध घालणारा हा प्राणी. त्याच्या कातड्यावरच्या आतल्या मऊ लवेचा नमदा करून युरोपातल्या सभ्य गृहस्थांच्या टोप्या बनत. ॲस्टरचा हिशेब असा: कोलंबियाच्या मुखाशी ठाणं टाकायचं, आतल्या मुलखातून कातडी जमवायची, ती जहाजाने चीनमध्ये कँटनला विकायची आणि तिथला चहा घेऊन न्यू यॉर्कला परत. कागदावर झकास हिशेब. (आमचं बीव्हरटन हे नाव त्याच प्राण्याचं. सोसायटीमागच्या ओढ्यात अजून आहेत. परवाच त्यांनी चालायच्या वाटेवर पाणी आणलं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठा गहजब झाला.)

'टॉनक्विन' नावाचं जहाज सप्टेंबर १८१० मध्ये न्यू यॉर्कहून निघालं आणि दक्षिण अमेरिकेला वळसा घालून २२ मार्च १८११ ला कोलंबियाच्या मुखाशी पोचलं. वाटेत हवाईत थांबून तिथले दोन डझन गडी कामाला घेतलेले. कप्तान जोनाथन थॉर्न हा नौदलातला, हट्टी, कोणाचं न ऐकणारा. आणि समोर कोलंबियाचा दांडा. कोकणातल्या माणसाला खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा म्हणजे काय ते सांगायला नको, पण इथे एका अजस्र नदीचा लोंढा आणि अख्ख्या पॅसिफिकची लाट समोरासमोर आदळतात. आजही मोठी जहाजं स्थानिक वाटाड्या चढल्याशिवाय आत येत नाहीत. थॉर्नने वादळात एक होडी पुढे पाठवली, वाट शोधायला. तिच्यावरच्या फॉक्स नावाच्या अधिकाऱ्याने विनवलं की काही वर्षांपूर्वी माझा काका इथेच बुडालाय. कप्तानाने त्याला भित्रा ठरवलं. ती होडी परत आली नाही. दुसरीही गेली. आत शिरेपर्यंत आठ माणसं गेली होती.

त्यांतला एक हवाईचा. त्याच्या साथीदारांनी किनाऱ्यावर वाळूत खड्डा करून त्याला पुरलं. बरोबरच्या एका कारकुनाने लिहून ठेवलंय की पुरण्याआधी त्यांनी त्याच्या काखेत बिस्कीट ठेवलं, हनुवटीखाली चरबीचा तुकडा आणि थोडी तंबाखू. मग ओळीने बसून प्रार्थना म्हटली. गाव 'वसवण्याच्या' गोष्टीतला माझ्या लेखी हा पहिला विधी. पाटीवर तो नाही.

एप्रिलमध्ये झाडं तोडायला सुरुवात झाली. झाडं म्हणजे कसली, दहा माणसांनी कवेत घेतली तरी पुरी न पडणारी. चार माणसं दोन-दोन दिवस एकाच बुंध्यावर कुऱ्हाड चालवत. दोन महिन्यांत जेमतेम एकरभर जागा मोकळी झाली. त्यावर जे उभं राहिलं त्याला इंग्रजीत 'फोर्ट' म्हणतात. पण किल्ला म्हटलं की आपल्याला सिंधुदुर्ग दिसतो. हा किल्ला नव्हे, ही वखार. आमच्या वेंगुर्ल्यात डचांची आहे तशी. फक्त ती दगडाची, आणि अजून पडक्या अवस्थेत का होईना उभी आहे. ही लाकडाची होती. पंधराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आता तिच्या एका बुरुजाची नक्कल आहे आणि मागच्या भिंतीवर रंगवलेलं चित्र.

ही जागा ओसाड होती असं पाटी म्हणत नाही, पण वाचणाऱ्याला तसं वाटावं अशी तिची भाषा आहे. प्रत्यक्षात दक्षिण काठावर क्लॅटसप आणि उत्तर काठावर चिनूक लोकांची गावंच्या गावं होती. देवदाराच्या फळ्यांची लांबलचक घरं, एकाच बुंध्यातून कोरलेल्या उंच नाळेच्या होड्या. व्यापार तर त्यांच्या रक्तातच. नदीच्या वरच्या अंगापासून समुद्रकिनाऱ्यापर्यंतचा सौदा त्यांच्या हातून जाई. त्यांचा मुख्य कॉमकॉमली, एका डोळ्याने अधू पण व्यवहाराला चोख. वखारवाल्यांची होडी नदीत उलटली तेव्हा त्याच्याच माणसांनी त्यांना बाहेर काढलं. वखारीचा प्रमुख मॅकडूगल पुढे त्याचा जावई झाला. याच मॅकडूगलबद्दल सांगतात की, टॉनक्विन जहाज उत्तरेत व्हँकूवर बेटाजवळ माणसांसकट स्फोटात उडाल्याची बातमी आल्यावर त्याची घाबरगुंडी उडाली. त्याने आसपासच्या मुख्यांना बोलावलं आणि खिशातून एक लहानशी बाटली काढून म्हणाला, यात देवी आहेत, बूच काढायची खोटी. देवीच्या साथीने आधीच पोळलेल्या लोकांना. असा हा जावई.

ॲस्टरचा धंदा दोन वर्षं टिकला. १८१२ मध्ये अमेरिका-ब्रिटन युद्ध जुंपलं, इंग्रजांची लढाऊ बोट येतेय म्हणून कळलं आणि वखारवाल्यांनी ऑक्टोबर १८१३ मध्ये सगळा माल, कातडी आणि इमारती कॅनडाच्या नॉर्थ वेस्ट कंपनीला विकून टाकल्या, ॲस्टरच्या मते कवडीमोलाने. नंतर ती बोट आली. कप्तान ब्लॅकला वाटलं होतं, मोठा गड सर करायचाय. समोरचं लाकडी कुंपण बघून तो वैतागलाच. एका लहान तोफेने हे मी दोन तासांत पाडलं असतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. पण आलोच आहोत तर म्हणून त्याने झेंडा चढवला, काठीवर मद्याची बाटली फोडली आणि राजाच्या नावे 'फोर्ट जॉर्ज' असं नामकरण करून ताबा घेतला. त्या फोडलेल्या बाटलीने घात केला. तह झाला तेव्हा युद्धात 'जिंकलेली' ठिकाणं परत करायची ठरली. वखार रीतसर विकत घेतलेली होती, तिचा प्रश्नच नव्हता. पण कप्तानसाहेबांनी समारंभपूर्वक जिंकून ठेवलेली! १८१८ मध्ये ती अमेरिकेला परत करावी लागली, आणि पुढे ऑरेगनवर हक्क सांगताना अमेरिकेला हा कागद फार उपयोगी पडला. सरकारी समारंभांचं हे असं असतं.

नंतरची पंचवीसेक वर्षं गाव असं नव्हतंच. नॉर्थ वेस्टला पोटात घेतलेल्या हडसन्स बे या इंग्रज कंपनीने मुख्य ठाणं नदीच्या वरच्या अंगाला फोर्ट व्हँकूवरला (कॅनडातलं शहर ते वेगळं) नेलं, इथे एखाद-दुसरा माणूस जहाजांवर नजर ठेवायला. पण याच काळात इथल्या मूळ गावांचं जे झालं ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८३० मध्ये तापाची साथ आली, बहुधा हिवताप, आणि खालच्या कोलंबियाकाठची गावं एकामागून एक रिकामी झाली. कॉमकॉमली त्यातच गेला. त्याला होडीत ठेवून दफनविधी केला होता. १८३५ मध्ये कंपनीच्या एका डॉक्टरने रात्री जाऊन त्याचं डोकं काढलं आणि इंग्लंडला पाठवून दिलं, शास्त्रीय अभ्यासासाठी. कपाळ चपटं करायची चिनूक चाल होती, त्याचं कुतूहल. ती कवटी १९५३ मध्ये अस्टोरियाला परत आली आणि १९७२ मध्ये पलीकडच्या काठावर मातीत गेली. ज्यांच्या नावाचा मासा जगभरच्या दुकानांत मिळतो त्या चिनूक लोकांना अमेरिकन सरकारने २००१ मध्ये जमात म्हणून मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी काढून घेतली.

कॉमकॉमलीचा एक नातू मात्र मला फार आवडतो. रॅनल्ड मॅकडोनल्ड. आई चिनूक, बाप कंपनीचा स्कॉटिश अधिकारी, जन्म इथलाच, १८२४ चा. जपान परक्यांना बंद होतं त्या काळात, १८४८ मध्ये, हा देवमासे मारणाऱ्या जहाजावरून एकटा लहान होडीत उतरला आणि जहाज फुटल्याचा बहाणा करून जपानच्या उत्तरेच्या बेटावर जाऊन थडकला. त्यांनी त्याला नागासाकीला कैदेत ठेवलं. तिथे गजाआडून त्याने चौदा जपानी दुभाष्यांना इंग्रजी शिकवलं. काही वर्षांनी अमेरिकन आरमार दारात उभं राहिलं तेव्हा बोलणी करायला त्यांतलाच एक पुढे झाला. वखारीच्या नकलेशेजारी त्याच्या नावाची शिळा आहे. आईला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिला जपानपेक्षा भलताच प्रश्न पडला, "त्येच्या आवशीन काय म्हटला असात?"

१८४० नंतर बैलगाड्यांच्या तांड्यांबरोबर अमेरिकन कुटुंबं ऑरेगनात उतरू लागली तेव्हा दोन-चार जणांनी इथे जमिनींवर हक्क सांगितले. १८४७ मध्ये रॉकीच्या पश्चिमेचं पहिलं अमेरिकन टपाल कार्यालय इथे उघडलं. जॉन शाइव्हली पोस्टमास्तर. गंमत म्हणजे शाइव्हलीने आपल्या जमिनीवर एक गाव आखलं आणि शेजारच्या मॅक्लूरने आपल्यावर दुसरं. दोघांचे रस्ते एकमेकांना जुळेनात. आजही गावाच्या मध्यावर तुम्ही सरळ चाललात तर रस्ता मध्येच खांदा उडवल्यासारखा बाजूला सरकतो. थोडं वर जकात कार्यालय झालं आणि तिथे तिसराच गट. वरचं अस्टोरिया आणि खालचं अस्टोरिया यांच्यात कित्येक वर्षं विस्तव जात नव्हता. दोन वाड्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण इतकं सगळं होऊनही ते गाव नावापुरतंच. माणसांनी भरलं ते माशामुळे.

सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्याच नदीत परततो. कोलंबियात उन्हाळ्याच्या सुरुवातीला चढणारा चिनूक सॅमन तेव्हा वीस-पंचवीस किलोचाही असे. १८११ च्या जूनमध्ये चिनूक लोकांनी वखारीत पहिले सॅमन आणले तेव्हा अगदी मोजके आणले, आणि अटी घातल्या. मासा आडवा कापायचा नाही. उभाच चिरायचा. आणि आणलेला सगळा सूर्य मावळायच्या आत खाऊन संपवायचा. नाहीतर पुढचे मासे नदी चढणार नाहीत. गोऱ्या कारकुनांनी ही अंधश्रद्धा म्हणून टिपून ठेवली.

१८६६ मध्ये ह्यूम बंधू आणि त्यांचा पत्र्याचे डबे करणारा भागीदार हॅपगुड यांनी कॅलिफोर्नियातून येऊन कोलंबियावर सॅमन डब्यात भरायला सुरुवात केली. पहिल्या हंगामात ४,००० खोकी. एका खोक्यात एक पौंडाचे ४८ डबे. १८७० च्या दशकात कारखाने सरकत सरकत अस्टोरियाला आले, कारण मासा इथूनच शिरतो. डोंगराने जागा दिली नाही म्हणून पाण्यात खांब ठोकले आणि त्यावर कारखाने, गोद्या, मग रस्ते, दुकानं, दारूचे गुत्ते. १८८३ मध्ये नदीवर ६ लाखांहून अधिक खोकी भरली. म्हणजे ३ कोटी डबे. बरेचसे लिव्हरपूलला जात आणि इंग्लंडमधल्या गिरणी कामगारांच्या ताटात पडत.

डबा गोल असतो, ठराविक उंचीचा. त्यात मासा बसवायचा तर तो आडवाच कापावा लागतो.

हे मला तिथल्या सागरी संग्रहालयात एका जुन्या फोटोसमोर उभं असताना लक्षात आलं. फोटोत लाकडी फळ्यांच्या जमिनीवर सॅमनचा ढीग, माणसाच्या मांडीपर्यंत, आणि मागे सुरे घेतलेली चिनी माणसं. हंगाम चालू असताना दिवसाला दहा-बारा तास उभं राहून डोकं, पर, शेपूट, आतडी. मग धुणारे, मग तुकडे करणारे, भरणारे, डाग लावून झाकण बसवणारे. डबेही हिवाळ्यात-वसंतात पत्रा कापून हातानेच केलेले. शिजवलेल्या डब्यांच्या रांगेवरून एक माणूस लहानशी सळई हातात घेऊन चालत जायचा. प्रत्येक झाकणावर टक, टक, टक. आवाजावरून त्याला कळे की कुठे हवा शिरली आहे, आणि तो डबा बाजूला काढला जाई. मडकं वाजवून घेणारी आमची आजी मला त्या फोटोत दिसली. हजारो डबे, आणि एका माणसाचे कान.

१८८० मध्ये या काउंटीतल्या लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा चिनी होता. बहुतेक सगळे पुरुष, दक्षिण चीनमधून आलेले. मालकाचा व्यवहार त्यांच्याशी थेट नसे. मुकादमाशी असे, खोक्यामागे अमुक पैसे. उचल, हिशेबातली कपात, हंगाम संपल्यावर हातात उरलेली चिल्लर. ऊसतोडीच्या टोळ्या माहीत असलेल्याला नवं काही नाही. आणि एक अलिखित नियम: चिन्याने मासा कापायचा, पकडायचा नाही. जाळं घेऊन नदीत दिसला तर जिवाशी गाठ. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाचं दारच बंद केलं. जे आत होते ते म्हातारे होत गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मासा कापायचं यंत्र आलं, तर त्याचं नावही चिनी माणसाला देतात त्या शिवीवरूनच ठेवलं. अलीकडे, २०१४ मध्ये, गावाच्या मधोमध त्यांच्या स्मरणार्थ एक बाग केली आहे. छान आहे. उशिरा आहे.

पकडणारे होते ते फिन, नॉर्वेचे, स्वीडनचे. सर्वांत जास्त फिन. बाल्टिकच्या किनाऱ्यावरून, झारच्या राज्यातून आलेले. होडी आणि जाळं बऱ्याचदा कारखान्याचं, भाड्याचं. एका होडीत दोन माणसं, रात्रभर प्रवाहाबरोबर जाळं सोडून वाहत राहायचं. मासा दांड्याजवळ जास्त, म्हणून ओहोटीबरोबर दांड्याकडे. डोळा लागला, वारा पडला की नदी माणसं समुद्राच्या हवाली करायची. १८९६ मध्ये पौंडामागे पाच सेंट मागत कोळ्यांनी संप केला, कारखानदार चारवर अडले. बंदूकधारी शिपाई आणले गेले. त्या संपातून फिनांनी धडा घेतला तो असा की स्वतःचाच कारखाना काढला, सहकारी. गावाच्या पश्चिम टोकाच्या त्यांच्या वस्तीला 'युनियनटाउन' नाव आहे. सौना, वाचनालय, नाटकमंडळी, समाजवाद्यांचं 'तोवेरी' नावाचं फिनिश वर्तमानपत्र, बायकांचं 'तोवेरितार' वेगळं. नदीकाठी थंडीत कुडकुडत मासे धरणाऱ्यांनी आपली दोन-दोन वर्तमानपत्रं चालवली.

आणि या फिनांच्या समाजवादी सभागृहात १९१३ च्या मे महिन्याच्या शेवटी पगडीवाले लोक जमले.

गावाच्या पूर्व टोकाला हॅमंडची लाकडाची गिरणी होती. तिथे शंभरएक पंजाबी कामाला होते. बहुतेक शीख, पण इथल्या पेपरात सरसकट 'हिंदू'. राहायची गल्लीही 'हिंदू गल्ली'. रविवारी कुस्त्या होत, गाव बघायला येई. आजूबाजूला दिवस बरे नव्हते. १९०७ मध्ये उत्तरेला बेलिंगहॅममध्ये जमावाने त्यांच्या लोकांना मारून शहराबाहेर काढलं होतं, १९१० मध्ये पोर्टलंडजवळ सेंट जॉन्समध्ये तसाच दंगा झाला. अस्टोरियात तसं घडलं नाही. लाला हरदयाळ आले, सोहनसिंग भकना अध्यक्ष झाले, काशीराम खजिनदार, आणि त्या बैठकीतून उभं राहिलं ते गदर आंदोलन. झारला शिव्या घालणाऱ्यांच्या छपराखाली इंग्रजांना हाकलायचा बेत! मला तर त्या संध्याकाळी दारात उभा असलेला फिन माणूस दिसतो, आत काय चाललंय ते एक अक्षर न कळता सगळं कळलेला.

शाळेच्या पुस्तकात गदर दोन ओळींत होतं. त्यात अस्टोरिया नव्हतंच. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या काळात इकडेच ऑरेगन-वॉशिंग्टनमध्ये शेतीशास्त्र शिकत होते आणि याच चळवळीत होते. पुढे मेक्सिकोत मक्याचे संशोधक झाले. तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे सिअॅटलला इंजिनिअरिंग शिकायला आलेला. गदरसाठी परत गेला, मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फाशी गेला. मी पंधरा वर्षं इथे राहून हे मला सांगितलं कोणी, तर अस्टोरियातल्या ग्रंथपाल बाईंनी. "तुम्ही त्याच भागातल्या ना?" असं विचारत. मी हो म्हटलं, आणि घरी जाऊन शोधलं.

त्याच गिरणीत काम केलेला भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात गेला, नागरिकत्व मिळवलं, आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. माझी स्वतःची फाइल नऊ वर्षं रांगेत आहे. तक्रार नाही, फक्त त्या निकालाचं वर्ष मला पाठ आहे.

गिरणी १९२२ मध्ये जळाली. त्याच वर्षी ८ डिसेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास गावच पेटलं. १८८३ मध्ये एकदा पेटलं होतं, पण हे वेगळं होतं. रस्ते खांबांवर, वर फळ्या, खाली पोकळी. आग रस्त्याखालून पळत गेली. बंबवाले वर पाणी मारताहेत आणि ज्वाळा दोन चौक पुढे पायाखालून वर येताहेत. शेवटी सुरुंग लावून इमारती उडवल्या तेव्हा ती थांबली. बाजारपेठेचे तीसेक चौक राख झाले. तेव्हा गावात सुमारे १४,००० लोक होते, तेवढे पुन्हा कधी झाले नाहीत. नंतर रस्ते काँक्रीटचे केले, पण पोकळी अजून खाली आहे. मुख्य रस्त्याच्या पदपथावर काही ठिकाणी काचेचे ठोकळे बसवलेत. त्यावर उभं राहिलं की पाय पोकळीवर असतात.

म्हणजे आईचा पहिला प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

शेवटचा मोठा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. आता त्या जागी हॉटेल, बिअरची ठिकाणं, आणि धक्क्यावर दिवसभर भुंकणारे समुद्रसिंह. टेकडीवर १९२६ चा मनोरा आहे, १६४ पायऱ्यांचा. वर जाऊन पोरं बाल्सा लाकडाची हलकी विमानं सोडायची. मनोऱ्यावर गोल गोल चढत जाणारी चित्रं आहेत, जहाजं आणि झेंडे उतरताहेत अशी.

गेल्या जूनमध्ये आई पुन्हा आली होती. परतताना नदीकाठच्या एका दुकानात चिनूक सॅमन होता, आदल्या रात्रीचा. कल्ले उघडून आईने आत पाहिलं, बोटाने दाबलं आणि मान हलवली. विक्रेत्याने सुरी हातात घेऊन विचारलं, उभा की आडवा? मला चिनूकांची अट आठवली. मी म्हटलं, उभा. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी वाया घालवायला निघाले आहे.

घरी आल्यावर तिने पाट मांडला, विळी नाही म्हणून सुरीवरच भागवलं, आणि त्या उभ्या चिरलेल्या सॅमनच्या सरळ आडव्या तुकड्या केल्या. तिरफळं घालून आमटीला उकळी आली होती. "उभो तुकडो रश्शात रवात काय?" म्हणाली. मी भात लावला. सूर्य मावळायला अजून दोन तास होते.